तिसऱ्या मजल्यावरची खोली खाली आणण्याबाबत

मी, कोर्टाच्या फाटकासमोर काळे कोट शिवणारी बाई, सगळे जिला टाचणीमावशी म्हणतात ती, आज आपल्या दुकानातल्या बाकावर बसून, राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. असते तरी मी जुमानले नसते, हे माझ्या मुलाला विचारावे. डॉक्टरीणबाई समोरच बसल्या आहेत. आज वार कोणता आणि मी कुठे आहे, असे त्यांनी मला लहान मुलासारखे विचारले. मी उत्तरे दिली आणि वर त्यांच्या कोटाचे बटण लोंबते आहे तेही सांगितले. त्यावर माझी अक्कल शाबूत असल्याचा दाखला त्यांनी लिहून दिला असून तो सोबत जोडला आहे.

याआधी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या नावाचा जुना कागद घेऊन कोणी पुढे आल्यास तो खोटा समजावा. हा रोख कोणावर आहे ते ज्याचे त्याला कळेल.

कलम एक : राहते घर. दुकानामागच्या गल्लीतले घर, आतल्या भांड्याकुंड्यांसह, मी माझ्या मुलाला देत आहे. त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. माझा मुलगा वाईट नाही. परवाच्या आजारपणात तो दवाखान्यात माझ्या उशाशी बसून होता. पण मला जरा बरे वाटते आहे असे दिसताच त्याने विषय काढलाच.

"आई, आता दुकान कशाला? मोठे वकीलसाहेब घेतो म्हणतायत. त्यांना रस्त्यालगत ऑफिस हवंय."

"त्यांना हवंय ना? मग नाहीच."

"किती वर्षं तो राग धरून बसणार आहेस?"

"मरेपर्यंत. आणि पुढची सोय करून ठेवते, थांब."

ती सोय म्हणजे हा कागद. मुलाने रागावू नये. मोठ्या साहेबांना त्याने शब्द देऊन टाकला होता, पण जी वस्तू आपली नाही तिच्याबद्दल दिलेला शब्द माझ्यावर बंधनकारक नाही. माझी सून वकील आहे, तिने मला तसे कायद्याने समजावून सांगितले आहे. घरात नवऱ्याविरुद्ध सल्ला देणे सोपे नसते, तिने तो दिला.

कलम दोन : दुकान. ते माझे कसे झाले हे आधी लिहिते, म्हणजे उद्या कोणी त्यात पाय अडकवायला नको.

माझे यजमान आणि मी हे दुकान भाड्याने चालवत होतो. यजमान गेले आणि घरमालकाने मला बाहेर काढण्यासाठी दावा लावला. तारखेच्या दिवशी मी ठेवणीतले कपडे घातले, भाड्याच्या पावत्या पिशवीत घेतल्या आणि रस्ता ओलांडून कोर्टाच्या आवारातल्या दगडी बाकावर जाऊन बसले. मला वाटले, आपले नाव पुकारतील तेव्हा उठायचे. नाव पुकारले गेले. पण वर, दुसऱ्या मजल्यावरच्या बोळात, जिथला आवाज खाली येत नाही. मी मात्र पाणी प्यायलाही उठले नाही, न जाणो तेवढ्यात नाव निघायचे. संध्याकाळी फाटक लावायला आलेला पहारेकरी म्हणाला, "बाई, कोर्ट सुटलं. कुणाची वाट बघताय?"

निकाल एकतर्फी लागला होता. कारण काय, तर प्रतिवादी गैरहजर. मी त्या इमारतीच्या भिंतीला पाठ टेकून दिवसभर बसले होते, तरी गैरहजर. हा शब्द मी आजवर गिळलेला नाही आणि मरतानाही गिळणार नाही.

दुसऱ्या दिवशी घरमालकाचे वकील मला पायरीवर भेटले. मी त्यांना म्हटले, "साहेब, मी इथेच होते हो." ते घाईत होते. चालता चालता म्हणाले, "बाई, कोर्ट कुणाला शोधत फिरत नाही." तेच हे मोठे वकीलसाहेब. तेव्हा मोठे नव्हते, पण लक्षण दिसत होते.

दुकानाला कुलूप लागले. मी मशीन फूटपाथवर मांडले आणि कोट शिवत राहिले. एक नवा पोरगेला वकील पहिला कोट शिवायला आला. मी त्याला कच्चा कोट चढवला, टाचण्या लावू लागले आणि हात चालता चालता तोंडही चालू झाले. त्याला ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हते. ज्याच्या काखेत, कमरेला आणि मनगटाला टाचण्या आहेत तो माणूस कुठे जाणार? माझे सांगून झाल्यावर तो म्हणाला, "मावशी, हा निकाल रद्द करून घेता येतो. तुम्ही आवारात होतात ना? पहारेकऱ्याला साक्षीला बोलावू. टाचण्या काढा, मी लगेच अर्ज करतो."

"आधी अर्ज," मी म्हटले, "मग टाचण्या."

तो तसाच, दोन्ही हात अंगापासून लांब धरून, टायपिस्टकडे गेला. लोक हसले. अर्ज मंजूर झाला, दावा पुन्हा उभा राहिला, माझ्या पावत्या प्रथमच कोणीतरी वाचल्या आणि कुलूप निघाले. पुढे घरमालकाच्या वारसांकडून हीच जागा मी रीतसर खरेदी केली. खरेदीखत कपाटात वरच्या कप्प्यात आहे. दुकान सर्वस्वी माझ्या कष्टाचे आहे.

त्या अर्जाच्या गडबडीत मी त्या पोरगेल्या वकिलाची उजवी बाही बोटभर आखूड शिवली. नवीन शिवून देते म्हटले तर ऐकेना. केस पिकले तरी अजून कोट आखूड बाहीचेच शिवून घेतो. अख्खे कोर्ट त्याला आखूड बाही म्हणते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मी त्यांच्यावर सोपवत आहे. (वयाने ते आता मोठे आहेत, म्हणून कागदात अहोजाहो.)

तेव्हापासून दुकानाची रीत ठरली. रोज सकाळी कोर्ट भरायच्या वेळेला मी समोर जाते आणि दगडी बाकावर जो कोणी पिशवी मांडीवर घेऊन बसला असेल त्याला विचारते, "तुम्हाला वर जायला कुणी सांगितलं का?" बहुतेकांना कोणी सांगितलेले नसते. ज्याला वकील नाही त्याला मी दुकानात आणून बसवते. मग कोटाचे माप द्यायला वकील येतो. टाचण्या लागल्या की मी म्हणते, "आता यांचं ऐका."

"मावशी, मला तारीख आहे हो!"

"तारीख यांचीही आहे. हात वर ठेवा."

घरकामाच्या बाईवर मालकिणीने चोरीचा आळ घेतला होता, तिची केस अशीच उभी राहिली. मालकिणीची अंगठी पुढे तिच्याच कपाटाखाली सापडली. माझी सूनही अशीच मिळाली. पहिला कोट शिवायला आली, टाचण्यांत उभी असताना दोन माणसांची कामे घेतली आणि काजे करत बसलेला माझा मुलगा तिच्याकडे बघतच राहिला. चिरंजीव, तुझा संसारसुद्धा या दुकानानेच लावला आहे, हे विसरू नकोस.

कोणी म्हणेल, गरिबाला फुकट वकील देणारे सरकारी कार्यालय कोर्टात आहेच की. आहे ना! तिसऱ्या मजल्यावर, मोडक्या खुर्च्यांच्या गोदामापलीकडे. लिफ्ट न्यायाधीशांसाठी राखीव. ज्याचा पाय मोडला आहे, ज्याला धाप लागते, ज्याला कोर्टाच्या पायरीचीच भीती वाटते, त्याचा हक्क आपण तीन जिने वर नेऊन ठेवला आहे आणि वर म्हणतो की लोक येतच नाहीत. तिथे बसणारी माणसे वाईट नाहीत. बिचारी रिकामी बसून असतात. ती खोली खाली आणा म्हणून मी कार्यालयाच्या समितीला अर्ज करत आले. दर वेळी एकच उत्तर : तळमजल्यावर जागा उपलब्ध नाही. तळमजल्यावर उपाहारगृहाला जागा आहे, बड्या वकिलांच्या गाड्यांना जागा आहे.

आता मी हे मृत्युपत्र का करते आहे ते लिहिते. मी दवाखान्यात होते तेव्हा दुकान बंद होते. सून माझ्यासाठी धावपळ करत होती. त्या दिवसांत धान्यबाजारातला एक म्हातारा हमाल त्या बाकावर येऊन बसला. त्याच्या खोलीचा दावा होता. नाव वर पुकारले गेले, तो खाली बसून राहिला, निकाल एकतर्फी. मी परत आले तेव्हा तो आपल्या गाठोड्यासकट त्याच बाकावर बसला होता. मला म्हणाला, "मावशी, मी वेळेवर आलो होतो."

मी घरी येऊन रडले. दवाखान्यात रडले नव्हते. इतकी वर्षे मी रस्ता ओलांडत राहिले आणि मी चार दिवस आडवी पडताच सगळे जिथल्या तिथे. म्हणजे मी कायमची आडवी पडल्यावर काय? एका म्हातारीच्या गुडघ्यांवर न्याय अवलंबून असेल तर त्याला न्याय म्हणत नाहीत, मेहेरबानी म्हणतात. ती मला करायची नाही आणि कोणाला घ्यायला लागू नये. हमालाचा अर्ज सुनेने दाखल केला आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत माझा मरायचा विचार नाही, याची सर्व वारसांनी नोंद घ्यावी.

सबब, सदरहू दुकान मी त्या मोफत कायदा मदत कार्यालयाला कायमचे देत आहे. दुकान रस्त्याला लागून आहे, दाराला उंबरठा नाही, फाटक समोर आहे. अटी पुढीलप्रमाणे. कोर्ट चालू असेपर्यंत दार उघडे राहील आणि आत एक वकील बसलेला असेल. बसण्यासाठी बाक राहील, आणि तो वकिलाच्या टेबलासमोर राहील, बाहेर नाही. रोज सकाळी कार्यालयातल्या कोणीतरी स्वतः उठून समोर जायचे आणि दगडी बाकावर बसलेल्या प्रत्येकाला विचारायचे की तुम्हाला वर जायला कोणी सांगितले का. ही अट इतर सर्व अटींच्या वर आहे. शिपायाला पाठवले तरी चालेल, साहेब गेले तर उत्तम.

समितीने जागा नाकारली, किंवा घेऊन कुलूप लावले, किंवा तिथे मोडक्या खुर्च्या भरल्या, तर दुकान माझ्या सुनेच्या मालकीचे होईल. ती तिथे हेच करील आणि शिवाय समितीवर दावा लावील. माझ्या मुलाला ते विकता येणार नाही, सुनेलाही नाही. तळमजल्यावर जागा नाही, हे उत्तर आता संपले. दुसरे शोधा.

कलम तीन : मशीन, कात्र्या, इस्त्री. हे सर्व माझ्या मुलाला. त्याचा हात माझ्यापेक्षा साफ आहे, हे मी तोंडावर कधी म्हटले नाही, कागदावर म्हणते. घरी बसून कोट शिवावेत. टाचण्यांची डबी मात्र सुनेला. कशी वापरायची ते तिला ठाऊक आहे.

कलम चार : बँकेतली शिल्लक. ती दुकानाबरोबरच जाईल. जो तारखेला यायचे म्हणून मजुरी बुडवतो त्याच्या येण्याजाण्यासाठी आणि कागदांच्या झेरॉक्ससाठी ती खर्च करावी. माझी तसबीर, पाटी, पुतळा, यांसाठी तिला हात लावू नये.

कलम पाच : मोठे वकीलसाहेब. वकील संघाचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी कोट शिवायला दिला. तो आतल्या खुंटीवर टाचण्यांसकट टांगला आहे. तो मी त्यांना तसाच देत आहे. टाचण्या काढू नयेत. साहेबांनी तो एकदा अंगात घालावा आणि हातपाय न हलवता समोरच्या माणसाचे ऐकावे. एवढे केल्यास माझा त्यांच्यावरचा राग संपुष्टात आला असे समजावे. न केल्यास तो माझ्या सुनेकडे वारसाहक्काने जाईल.

कलम सहा : मी गेल्यावर. वकिलांनी माझ्यासाठी कामकाज बंद ठेवू नये. वकील गेला की कोर्ट बंद, आणि लांबून मजुरी बुडवून आलेल्या माणसाला पुढची तारीख! माझ्या नावावर असले पाप नको. ज्याला वाईट वाटेल त्याने त्या दिवशी एका माणसाचे काम घ्यावे.

येणेप्रमाणे मी माझ्या मालमत्तेची आणि माझ्या रागाची व्यवस्था लावली आहे. लाभ घेणाऱ्याने साक्षीदार होऊ नये असे सून म्हणते, म्हणून ती बाहेर चहा करते आहे. मुलगाही तिच्याजवळ उभा आहे. तो आताच आत डोकावून म्हणाला, "आई, बाक कार्यालयाला देणार असशील तर त्याचा पाय हलतोय. मी ठोकून देतो." कलम एकमध्ये मी लिहिले आहे की तो वाईट नाही. ते कायम.

सही करणार : टाचणीमावशी

साक्षीदार पहिले : आखूड बाही, वकील
साक्षीदार दुसऱ्या : डॉक्टरीणबाई (बटण लावून दिले आहे)

ठिकाण : कोर्टाच्या फाटकासमोरचे दुकान
दिनांक : ११ मार्च २०२५, कोर्ट चालू

खुलासा : सह्या व्हायला उशीर झाला आहे. मी लेखणी टेकवणार तोच समोरच्या बाकावर एक बाई दिसली, मांडीवर पिशवी घेऊन बसलेली. मी पहिल्या साक्षीदारांना म्हटले, सही राहू द्या, आधी तिला विचारून या. तिला कोणी काही सांगितले नव्हते. ते तिला घेऊन जिने चढले, तेव्हा वर तिचे नाव पुकारत होते. ते परत येईपर्यंत मी आणि डॉक्टरीणबाई थांबून राहिलो, आणि मग सर्वांनी एकमेकांसमोर सह्या केल्या. ती बाई हजर झाली.