मागच्या दाराचं कुलूप

प्रिय भिंगरी,

फोनवर आपण दोघी "बरी आहेस ना?" "हो, तू?" एवढ्यावरच आटोपतो, म्हणून आज कागद घेऊन बसले. सुट्टीची दुपार आहे. तुझ्या टेबलावर मी आता कपड्यांच्या घड्या ठेवते, पण तुझी खुर्ची कुणाला हलवू देत नाही.

कारखाना सुरू झाला, हे तुला कळलं असेलच. मालक नवा, काम तेच. जुने स्वेटर आले की बटणं, चेन कापायच्या, रंगाप्रमाणे ढीग लावायचे, मग यंत्र त्यांच्या चिंध्या करून परत सूत काढतं. आता धूळ ओढणारे पंखे आहेत, मागच्या दाराला आतून कडी आहे. चाळीसजणींपैकी बावीसजणींना बोलावलं, त्यात मी आहे. लाल ढीग अजून माझ्याकडेच. मुकादम म्हणतो, लालच्या सात छटा ही डोळे मिटून सांगेल. डोळे मिटून कशा सांगणार, पण कौतुक करतोय तर करू दे म्हटलं.

लेक विद्यापीठात काय करते, असं कुणी विचारलं की मी सांगायचे, टाकलेल्या वस्तू परत वापरात आणणारे धंदे खरंच नीट चालतात का, माल कुठून कुठे जातो आणि वाटेत राबणाऱ्यांचं काय होतं, ते ती शोधते. सांगताना ऊर भरून यायचा. मग तुझा अहवाल आला. आमच्या सुताचे स्वेटर विकणारी मोठी कंपनी कपड्याच्या चिठ्ठीवर 'माणसांची काळजी घेऊन बनवलेलं' असं छापत होती, आणि इथे काम चालू असताना मागचं दार बाहेरून कुलूपबंद असायचं. विद्यापीठाच्या पत्त्यावर आलेल्या एका निनावी पत्रावरून तू शोध घेतलास, खात्री केलीस, मगच लिहिलंस. कंपनीने माल घेणं थांबवलं. जुन्या मालकाने महिन्याभरात कारखान्याला टाळं ठोकलं.

तू धावत घरी आलीस. तुला वाटलं, समजावून सांगता येईल. कोपऱ्यावर आमच्यातल्याच एकीने तुला ऐकवलं, "आईच्या तोंडचा घास काढून मोठी झालीस गं!" मी शेजारीच उभी होते, पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत. तू माझ्याकडे बघितलंस. मी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी तू गेलीस, त्याला दोन वर्षं झाली. तुला वाटतं मी रागावलेय. नाही गं. दोन माणसांचा भात शिजवायची सवय अजून मोडली नाही माझी.

परवा जेवणाच्या सुट्टीत परत तुझा विषय निघाला, परत तेच टोमणे. मी डबा बंद केला आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. दोघी उठून लांब जाऊन बसल्या. माझ्या शेजारच्या ढिगावर बसणारी चष्मेवाली मात्र जवळ सरकली, म्हणाली, "सुटलीस बाई एकदाची."

त्यांना सांगितलं ते आधी तुला सांगायला हवं होतं. ते निनावी पत्र माझं होतं. अक्षर तू ओळखशील म्हणून चष्मेवालीकडून लिहून घेतलं. त्या आठवड्यात यंत्राजवळ सुताने पेट घेतला, आम्ही सगळ्या मागच्या दाराकडे धावलो आणि दार उघडेना. आग विझली म्हणून वाचलो. तुला सरळ सांगितलं असतं तर तू मला त्याच दिवशी काम सोडायला लावलं असतंस, आणि बाकीच्या आतच राहिल्या असत्या. काम जाईल असं ध्यानीमनी नव्हतं. दार उघडेल, एवढंच वाटलं होतं. आणि काम गेलं तेव्हा सगळ्या माझ्यावर उलटतील या भीतीने मी तुला पुढे होऊ दिलं. माझ्या वाटणीचं माझ्या लेकीने ऐकून घेतलं. माफ कर म्हणायचीही लाज वाटते, तरी म्हणते. रागाव, भांड, हवं ते बोल. पण इथे येऊन बोल.

तुझी, तुझीच,
आई