मेढीखालचे दोन दाणे

३ नोव्हेंबर, सोमवार

खोली सोडावयाची आहे! विपुलशेठ स्वतः रोपवाटिकेत आले. हातात मोबाईल, नजर पलीकडच्या माझ्या खोलीच्या कौलांवर. म्हणाले, “हिरूकाका, घाई नाही हं. संक्रांतीपर्यंत बघा. इकडे तंबू टाकायचेत, मुंबईची माणसं येणार वाडीत राहायला. तुम्ही पण आता आराम करा ना.”

आराम! यांचे वडील रामनाथशेठ मला घोलवडच्या या वाडीत घेऊन आले, तेव्हा या विपुलशेठांना चड्डीची नाडी बांधता येत नव्हती. चिकूची कलमे मी बांधली. त्यांची झाडे झाली. त्या झाडांखाली आता पाहुणे झोपणार. मी “ठीक आहे” एवढेच म्हणालो. विनवणी करणे माझ्या स्वभावात नाही.

घरी येऊन रखमीस सांगितले. ती म्हणाली, “मंग आपून कुठं?” पत्नीची वाक्ये मी येथे शुद्ध करून लिहीत नाही. शुद्ध केली की त्यांतला राग निघून जातो.

५ नोव्हेंबर

गिऱ्हाईक पुष्कळदा विचारते — जुने झाड उपटून दुसरीकडे लावले तर जगेल काय? मी हसून नाही म्हणतो. आज कोणी विचारले नाही, हे बरे झाले.

९ नोव्हेंबर, रविवार

तलासरीस मिथुनकडे जाऊन आलो. एकुलता मुलगा. कंपनीत आहे. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. मी सर्व नीट तपासले. नळास पाणी आहे. दवाखाना समोर आहे. भिंतीस ओल नाही. सूनबाई रविना म्हणाली, “बाबा, आतली खोली तुमची. आम्ही तिघं बाहेर झोपू, त्यात काय?” नात रुचिका तर आजीस सोडीना! दोघी गॅलरीत बसून खिदळत होत्या. रखमीच्या गुडघ्यांची तक्रार दिवसभर कानावर आली नाही, हे नवल.

दोष काढावा असे काहीच नव्हते. मग शेजारचा मनुष्य दारात आला आणि मिथुन त्यास म्हणाला, “आई-बाबा येतायत आमच्याकडं राहायला.”

आमच्याकडे! तो वाईट बोलला नाही. परंतु जेवण गेले नाही.

परत येताना रिक्षात रखमी सूनबाईविषयी म्हणाली, “पोरीनं न्हाणीत स्टूल ठेवलंय. मला बसून आंघोळ करता यावी म्हनून.”

मी म्हणालो, “पाहुणे म्हणून दोन दिवस सर्वच बरे वाटते.”

त्यावर ती बाहेर बघत बसली. तिला गंजाडची, आमच्या गावाची, आठवण आली असणार. तिचा सारा गोतावळा तिकडचाच.

१२ नोव्हेंबर

विचार पक्का होत नाही. छातीत धडधड होते. औषध घेण्यासारखे काही नाही, असे डॉक्टर म्हणतात. त्यांस काय! त्यांस कोणी खोली सोडा म्हटलेले नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

गंजाडला गेलो. धाकटा भाऊ सुदाम याच्या घरालगत माझ्या वाट्याची जागा पडून आहे. माती हातात घेऊन पाहिली. चांगली आहे. उतार पूर्वेस. वारा मोकळा. पाण्याचे विचारले तर सुदाम म्हणतो, “हाय ना पानी, दादा. चैतापर्यंत हाय.”

“आणि त्यानंतर?”

“त्यानंतर पाऊस!”

स्वतःच हसला. मला हसू आले नाही. हातपंप खाली ओहोळाकाठी आहे. चढ मोठा. दवाखान्यास जावयाचे तर मोटारसायकलवाला शोधावा लागेल. पावसाळ्यात विंचूकाट्याचे भय. रखमीस काही झाले तर? मला काही झाले तर? हे सर्व खरे. परंतु दार माझे असेल! तेथे मी कोणाकडे आलेला नसेन.

मी म्हणालो, येथेच दोन खोल्या बांधू. रखमी म्हणाली, “तुमाला घर नको, दारावर नावाची पाटी पायजे.” सुदामसमोर! मी दुर्लक्ष केले. मग ती थांबून म्हणाली, “जागेला इचारलं का?”

आमच्याकडे तशी रीत आहे. घराची मधली मेढ, म्हणजे मुख्य खांब, जेथे रोवावयाची तेथे तांदळाचे दोन दाणे एकमेकांस चिकटवून ठेवतात. एक घरधन्याचा, एक घरधनिणीचा. वर पळसाचे पान, पानावर पालथी वाटी, वाटीवर दगड. सकाळी दाणे जुळलेले दिसले तर जागा आपली. दूर झाले असतील तर तेथे घर बांधीत नाहीत.

मी म्हणालो, “मी चौथी उत्तीर्ण आहे. दाणे मला काय सांगणार?”

“तुमाला कोन काय सांगनार! म्हनून तर दान्यांना इचारायचं.”

सुदाम लगेच तिच्या बाजूस! “वयनीचं बरोबर हाय, दादा. बापानं बी इचारलेलं.”

इतका आग्रह करते त्या अर्थी तिला ही जागा हवीच आहे. पुढच्या शनिवारी दाणे ठेवण्याचे ठरले.

२२ नोव्हेंबर, गंजाड

रखमीने स्वतः दाणे ठेवले. मुक्काम सुदामकडे. माझा यावर विश्वास नाही. तरीही जेवताना दोनदा ठसका लागला.

२३ नोव्हेंबर

उजाडता उठलो. रखमी माझ्याही आधी उठून ओट्यावर मिश्री लावीत बसली होती. माझ्याकडे पाहिले नाही. फिरावयास जातो असे सांगून मी जागेवर गेलो.

दगड उचलला. वाटी आणि पान दूर केले. एक दाणा जागच्या जागी. दुसरा बोटभर दूर!

मुंगीचे काम असणार. परंतु हे रखमीस कोण पटविणार? तिचा जीव तुटेल. सुदाम येथे एक खड्डा खणू देणार नाही. मग कोठे? मिथुनच्या आतल्या खोलीत, तिघांना बाहेर निजवून!

मी बोटाने दाणा दाण्यास भिडविला. पान ठेवून वाटी पालथी घातली. दगड ठेवला. आयुष्यात कलमाच्या जोडास कधी खोटी गाठ मारली नाही. हे तिच्यासाठी केले.

पुढे सर्वांसमक्ष वाटी काढली. सुदाम ओरडला, “जुळलं! दादा, जुळलं!” रखमी वाकून दाण्यांकडे पाहत राहिली. मग माझ्या हातांकडे. “जुळलंय मंग,” एवढेच म्हणाली. आनंद झाला की ती कमी बोलते.

३० नोव्हेंबर, घोलवड

सागाची मेढ तासून तयार आहे, असा सुदामचा फोन. मला हायसे वाटावयास हवे. वाटत नाही. रखमी जेवत नाही. चुलीपाशी उठताना भिंत धरते. तो चढ आठवतो. रुचिकाचा फोन आला तर मोबाईल घेऊन पार चिकूच्या झाडाखाली गेली. आल्यावर डोळे पुसलेले.

मी म्हणालो, “काही बोल तरी.”

“मी काय बोलू? जागा बोलली ना.”

५ डिसेंबर

उद्या मेढ रोवणार. धोतर धुऊन ठेवले आहे.

६ डिसेंबर, गंजाड

मेढ रोवली नाही. खड्डा तयार होता, सुदाम नारळ घेऊन उभा होता. रखमी जवळ आली आणि मलाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, “त्या दिशी माजा दाना मी सरकवलेला. तुमी उठायच्या आधी. तो परत कसा आला?”

सुदामास थांब म्हणालो. मग तिला प्रथमच विचारले — तुला कोठे राहावेसे वाटते?

ती म्हणाली, “पोरीनं न्हाणीत स्टूल ठेवलंय.”