नोटा राहू द्या

प्रिय धाकट्या,

रविवारी जेवायला आलास आणि जेवण बाजूला ठेवून मला डिजिटल चलन शिकवत बसलास. देशाच्या मुख्य बँकेत आहेस, त्या योजनेच्या समितीवर आहेस, याचा मला अभिमान आहे. पण बाबा रे, समोरच्याला बोलू तरी द्यावं! मी तोंड उघडलं की, "ताई, तुला नाही कळायचं." तुला पाढे कुणी शिकवले, विसरलास?

कळतं मला. आज फोनवरून पैसे देतो ते खाजगी कंपन्यांच्या भरवशावर. त्यापेक्षा थेट मुख्य बँकेचाच पैसा फोनमध्ये असावा, एखादी बँक बुडाली तरी तो बुडू नये, हे पटलं मला. ज्यांचं खातं नाही त्यांनाही तो वापरता येईल, हेही चांगलंच. पण पुढे तू म्हणालास, "हळूहळू नोटा बंदच करू. पै न् पैचा माग राहील," आणि तुझ्या भावोजींनी टेबलावर थाप मारली. तुला वाटलं, काय हुशार श्रोता मिळाला! मी ताट उचलून उठले.

मी कुठेही पैसे दिले की निरोप त्यांच्या फोनवर जातो. माझ्या शिवणकामाचे पैसेसुद्धा तिथेच जमा. मागच्या महिन्यात दवाखान्याचं बिल भरलं, तर मी घरी पोचायच्या आत हे दारात उभे. "हाडांच्या डॉक्टरकडे कुणाला विचारून गेलीस? काय सांगितलंस त्याला?" तुला मी सांगितलं, घरात जिन्यावरून पडले. आमच्या दोन खोल्यांत जिना कुठून आला रे? माझ्या हाताचं प्लास्टर बघूनही तुला प्रश्न पडला नाही, आणि तुम्ही म्हणे सगळ्या देशाच्या व्यवहारांवर नजर ठेवणार!

"नोंदी आमच्याकडे सुरक्षित राहतील," असं म्हणशील. अरे, त्याला (आता 'अहो' नाही म्हणवत मला) तुमच्या नोंदी लागतातच कुठे? माझा फोन हिसकावला की झालं. आणि तुमच्या नोंदी बघणाऱ्यांपैकी कुणी घरी बायकोवर हात उचलत नसेल, याची हमी कोण देणार? तू?

पडदे शिवून घेणाऱ्या एक बाई मला नोटाच द्यायच्या. त्या मी बटणांच्या डब्यात साठवल्या आणि आज सकाळी घर सोडलं. टॅक्सी, खोलीचं आगाऊ भाडं, सगळं त्यातूनच दिलं. फोन मुद्दाम तिथेच टाकून आले, म्हणून हे पत्र. पत्ता लिहीत नाही, रागावू नकोस. आता तो तुझ्याकडे येईल. म्हणेल, "तू बँकेतला माणूस, ती कुठे खर्च करतेय ते शोधून दे." त्याला सांग, शोधता येत नाही. आज तुला खोटं बोलावं लागणार नाही. समितीचा अहवाल लिहिशील, तेव्हा माझ्यासारखी दुसरी कुणी निघेल त्या दिवशीही हे खरंच असेल, एवढं बघ.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
ताई