पुढचं मी करते

बेडोक, सिंगापूर
रविवार, १५ जून २०२५

प्रिय मीराआत्या,
सविनय जयभीम.

आम्ही इकडे मजेत आहोत. जान्हवीला ऑफिसातून मान वर करायला फुरसत नाही. मुलांना जूनची सुट्टी लागली आहे, म्हणजे घर डोक्यावर घ्यायचा परवानाच. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी खाली बसू नको म्हणून सांगितलंय आणि तू बसतेसच, हे मला न विचारता ठाऊक आहे.

अक्षर मुद्दाम मोठं काढतोय. हे पत्र तुझं तुलाच वाचता यावं. फोनवर मी हे बोललो नसतो, हवापाण्यावर गेलो असतो.

काल आर्या आणि रुचिरला हस्तकलेच्या एका गॅलरीत नेलं. आजकालचे कारागीर काय काय करतात ते तिथं मांडलेलं असतं. कशालाही हात लावायचा नाही, असं एमआरटीच्या गाडीत मीच दोघांना बजावलं होतं. आत गेलो तर पांढऱ्या चौथऱ्यावर बांबूची टोपली, वर खास दिवा. आत्या, मी ती सरळ उचलली आणि उलटी करून बूड पाहिलं! बाजारात तू दुसऱ्याची टोपली पाहायचीस, अगदी तशी.

"अंकल, कॅनॉट टच लाह!" असं इथल्या बोलीतल्या इंग्रजीत ओरडत गॅलरीतली बाई धावली. आर्या लाजेनं लाल. रुचिर मात्र खूश. बाप ओरडा खातोय, हे त्याला पहिल्यांदाच बघायला मिळालं.

टोपली विणणारी चिनी बाई तिथंच होती, तुझ्याहून थोडी लहान. ती रागावली नाही. तिनं इंग्रजीत विचारलं, "आधी बूड पाहिलंत. तुमच्या घरी कोण विणतं?"

"कुणी नाही" असं अगदी ओठांवर आलं होतं. मग तिचे हात दिसले. बोटांवर तुझ्यासारख्याच जुन्या चिरा. म्हटलं, "माझी आत्या. तिनंच मला वाढवलं."

"मीराआजी?" आर्या म्हणाली. "बट यू सेड शी हॅज अ फार्म!"

हो, आत्या. तुझी शेती आहे, असंच मी मुलांना सांगितलं होतं.

मुलांनी करून बघावं म्हणून एक टेबल होतं. विणणाऱ्या बाईंनी तिथं माझ्यापुढे कामट्या ठेवल्या. तीस वर्षांनी हात लावला, तरी बूड झरझर विणून झालं. मुलं बघतच राहिली. आणि मी थांबलो. "पप्पा, कीप गोइंग लाह," रुचिरनं ढोसलं. पण पुढचं मला येतच नाही! कामट्या वाकवून बाजू उभी करायची वेळ आली की तू रोज टोपली माझ्या हातातून काढून घ्यायचीस. "पुढचं मी करते. तू अभ्यासाला बस." मला राग यायचा. वाटायचं, तुझा माझ्यावर भरवसा नाही. मुलांना हे सगळं सांगितलं.

आर्यानं जरा विचार केला. "सो द रेस्ट, ऑल शी डिड?"

"हो. बाकीचं सगळं तिनं केलं," म्हटलं. माझं शिक्षण, ही नोकरी, हे घर, सगळं तू मला त्या कामावरून उठवलंस म्हणून आहे. इतक्या वर्षांत मी हे तुला एकदाही म्हटलं नाही.

त्याऐवजी जे म्हटलं, ते तुझ्या मनातून गेलेलं नाही. मार्चमध्ये व्हिडिओ कॉलवर तू विणत बसली होतीस. मी म्हणालो, "आत्या, मागचा कचरा दिसतोय. आवरून फोन करत जा, मुलांसमोर बरं दिसत नाही." तू फक्त "बरं" म्हणालीस. तेव्हापासून तू नुसता साधा फोन करतेस. नेट चालत नाही म्हणतेस. शेजारच्या अश्विनचं नेट रोज चालतं, आत्या.

हे पत्र मिळालं की येणाऱ्या रविवारी सकाळी व्हिडिओ लाव. कामावर बसलेली असतानाच लाव, एक कामटीही आवरू नकोस. तू बाजू कशी उभी करतेस ते मुलांना बघायचंय. मी ते बोललो तेव्हा मुलं पडद्यासमोर नव्हती, पण शेजारी ऐकत होती, म्हणून माफीही त्यांच्यासमोरच मागणार आहे. लगेच "असू दे" म्हणू नकोस. मला पुरतं बोलू दे.

आजवर भाचा म्हणून सही करत आलो. आज हात तसं लिहीना.

तुझा मुलगा,
प्रबोध