खिशातला चष्मा

१२ मे

डोळ्यांवर पट्टी आहे. चाचपडत लिहितोय. ओळी एकमेकींवर चढत असतील — चढू देत! मला तरी कुठं हे पुन्हा वाचायचंय?

सासऱ्यांचा पाय मोडला. माझ्यामुळे.

१३ मे

पट्टी निघाली. उजेड अजून टोचतो. पापण्यांखाली वाळू भरल्यासारखं वाटतं.

लिहून टाकतो. आम्ही तिघं गोठलेल्या समुद्रावर सीलच्या शिकारीला निघालो — सासरे उयाराक, माझी बायको मकपा आणि मी. निघताना सासऱ्यांनी स्वतः कोरलेला चष्मा दिला. कॅरिबू हरणाच्या शिंगाचा, बर्फाच्या झळाळीपासून डोळे वाचवायला. बघायला नुसती बारीक फट. निरोप द्यायला आलेला मेहुणा कुनुक ओरडला, "वा, जावईबापू! अगदी घुबड!" सगळे हसले. मी चष्मा खिशात टाकला. म्हणालो, "ढग आहेत, ऊन कुठंय?"

ढग असले तरी बर्फावरचा उजेड डोळे जाळतो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल!

दिवसभरात एक सील मारला. संध्याकाळी तंबूत डोळ्यांत नुसती आग. मकपानं विचारलं, "डोळे का लाल?" — "स्टोव्हचा धूर गं." सकाळी उठलो तर सगळं पांढरंफटक. तरी स्नोमोबाईल चालवायला मीच बसलो. ती दोघं मागच्या घसरगाडीवर.

"दिसतंय ना रे?" सासऱ्यांनी एकदाच विचारलं.

"दिसतंय की!"

काही म्हणजे काही दिसत नव्हतं. बर्फातल्या भेगेवर गेलो. घसरगाडी उलटली, त्यांचा पाय खाली. मकपा कशीबशी बाजूला फेकली गेली. तिनंच गाडी घरी आणली. मी मागे, मारलेल्या सीलशेजारी डोळे झाकून पडलेलो. किनाऱ्यावर माणसं जमलेली ऐकू येत होती. कुणीच हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

१४ मे

दवाखान्यात गेलो. मला बघताच सासऱ्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. बरोबरच आहे! धुक्यामुळे विमान अडकलंय, पाय जोडायला दक्षिणेतल्या मोठ्या दवाखान्यात नेणार आहेत. मकपा म्हणाली, "बस ना जवळ." बसलो.

१५ मे

धुकं निवळलं. विमानात चढवताना सासऱ्यांनी माझं मनगट धरलं. नजर खालीच. "तुला दिसत नाही हे मला सकाळीच कळलं होतं. बायकोसमोर तुझी शोभा नको, म्हणून गप्प बसलो. आणि गाडीवर माझीच लेक होती! मी तुम्हा दोघांकडे कोणत्या तोंडानं बघू?"