कापसावरचा डाग

१४ नोव्हेंबर २००५, नेर

आलो एकदाचा! कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर, पहिलीच नोकरी. बंड्यांची रांग (इथे बैलगाडीला बंडी म्हणतात) थेट रस्त्यापर्यंत. मूठभर कापूस उपसायचा, धागा ओढून बघायचा, प्रत सांगायची. खोली लालीबाईंच्या अंगणात मिळाली. म्हातारी एकटीच राहते. आल्या आल्या गरम भाकर अन् तुरीचं वरण आणून दिलं. संडास अंगणात, दोघांत एकच. चालेल.

२३ नोव्हेंबर

सकाळी शौचाला डांबरासारखं काळं, चिकट. बादल्यांवर बादल्या ओतल्या तरी वास जाईना. लालीबाई बाहेर थांबलेल्या. त्यांच्याकडे बघवलं नाही.

३ डिसेंबर

चक्कर येते. यवतमाळला जाऊन आलो. वरून नळी घातली, खालूनही घातली; दोन्हीकडे काही नाही. डॉक्टर म्हणाले, ते काळं म्हणजे पोटात सांडलेलं रक्तच; लहान आतड्यातली एखादी रक्तवाहिनी जन्मापासूनच वेडीवाकडी असेल, क्वचित कुणाला असते. फुटते, आपोआप मिटते, मिटली की सापडत नाही. नळ्या तिथवर पोचत नाहीत. पुन्हा रक्त दिसलं तर तसेच निघून या, लाजत बसू नका.

केंद्रावर पित्त झालं म्हणून सांगितलं. साहेब पितो, असं तिथले लोक माझ्याबद्दल आपसात बोलतात.

१२ डिसेंबर

लिहवत नाही. डोमाजी म्हणून एक शेतकरी आहेत, त्यांच्या बंडीत कापसावर बसून प्रत बघत होतो. उठलो तर पांढऱ्यावर लाल. रांगेतले सगळे बघायला लागले. डोमाजींनी तेवढा कापूस उपसून बाजूला टाकला, आपल्या खांद्यावरचा दुपट्टा माझ्या कमरेला गुंडाळला.

"होते साहेब, माणसाच्या अंगाले. चाला, दवाखान्यात मी येतो."

मी त्यांचा हात झटकला. खोलीवर पळून आलो.

१३ डिसेंबर

केंद्रावर गेलो नाही, दवाखान्यातही नाही. कोणत्या तोंडाने जाऊ? पोट जराही दुखत नाही, त्याचीच भीती वाटते— नुसतं गळतंय. नखं पांढरीफटक.

१४ डिसेंबर, सकाळ

पुन्हा. गादी, फरशी— सगळीकडे. उभं राहवत नाही. लालीबाई दार ठोठावतायत. जीप आणलीय, डोमाजीही आलेत.

"कडी काढा बाबू. आमच्यासमोर कायची लाज?"

कपडे बदलतोय म्हणालो. ऐकू गेलं की नाही—

आधी फरशी पुसतो. हे असं त्यांनी बघू—

दार हलतंय. नका. जरा थांबा, एवढं पुस—