जास्तीचा भाग

१४ जुलै

ती. ताईस,
नमस्कार. तुझी सगळी पत्रं पोचली. आम्ही मजेत. बाबांची तब्येत ठणठणीत आहे, डोळे तेवढे पूर्ण गेले. माझ्याकडे आल्यापासून वजनही वाढलंय, तेव्हा त्यांच्या खाण्यापिण्याची काळजी नको.

त्यांनी काढलेल्या अक्षरांचं, त्या फॉन्टचं, तर विचारूच नकोस. औषधाच्या पाकिटावर तोच, बसच्या पाटीवर तोच, वीजबिलावरही तोच. जाड-बारीक रेघ नाही, शेपटी नाही, नखरा नाही. तुला आठवत असेल, जेवायच्या आधी ते अक्षराचा एखादा तुकडा कागदाच्या पट्टीने झाकून आपल्यापुढे धरायचे. तरी वाचता आलं, की तो तुकडा जास्तीचा. पुढे घराचंही तेच केलं. पडदे गेले, माझा कुत्रा गेला, आईची बाजाची पेटी गेली. तुझ्या वेण्या त्यांनी स्वतःच्या कात्रीने कापल्या, मान मोकळी दिसते म्हणून.

मी तीच रीत चालवतोय. आधी त्यांचा रेडिओ उचलला. थोडे कुरकुरले, पण अडलं काही नाही. मग आरामखुर्ची. मग दुपारचा चहा. मग पोरांनी आजोबांच्या खोलीत जाणं. माणूस कशावरही जगतो गं.

मागच्या आठवड्यात बाबा शिकवायचे त्या कॉलेजची मंडळी सत्काराला आली होती. नुसती खाट आणि पांढऱ्या भिंती बघून त्यांचे प्राचार्य गहिवरले. म्हणाले, "सरांनी जे काढलं, तेच ते जगले." खोलीचे फोटोही घेतले. बाबा म्हणाले, "तेवढा रेडिओ द्यायला सांगा याला." सगळे हसले. म्हातारा मिश्किल आहे असं वाटलं त्यांना.

तू त्यांना न्यायला येतेस म्हणालीस. तिकीट काढलं नसशील तर काढू नकोस. रोज सकाळी "ताईचं पत्र आलं का रे?" एवढंच उरलं होतं त्यांच्याकडे. परवा मी तेही काढून घेतलं. सांगितलं, ताई वारली, पत्र कुठून येणार?

आई गेली तेव्हा या माणसाने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. तुझ्यासाठी मात्र हमसून हमसून रडले. मी दारात उभा राहून बघत होतो. बरं वाटलं मला. आणि तुझा हेवाही वाटला, खोटं कशाला बोलू.

तेव्हा येऊ नकोस. आलीस तरी वर्षानुवर्षं तुझा आवाजही न ऐकलेल्या आंधळ्या माणसाला तू कोण हे कसं पटवणार? मी शेजारीच उभा असेन. सांगेन, बाबा, ही कोणीतरी दुसरीच बाई आहे.

तुझा पाठचा भाऊ